ढोबळी परकी, मग संकेश्वरी कुठली?

कोल्हापुरात ढोबळी मिरचीला अजून पाहुणीच समजतात. तिखट नाही ती मिरची कसली, असा इथला खाक्या. हॉटेलवाले जिच्यात ढोबळी हमखास घालतात ती ‘व्हेज कोल्हापुरी’ कोल्हापूरच्या घरांत शिजत नाही, हेही खरंच. पण परकेपणाचा हिशेब मांडायचा तर आधी गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची तपासावी लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मांसाचे पदार्थ तपशिलानं दिले आहेत. त्यांत मिरी आहे, मिरची नाही. असणार कुठून? ती तेव्हा अमेरिका खंडातच होती. कोलंबसाच्या 1492च्या सफरीनंतर ती युरोपात पोचली आणि 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे तांबड्या रश्श्यातला मिरचीचा तांबडेपणा पाचशे वर्षांपलीकडे जात नाही.

यावर कुणी म्हणेल, संकेश्वरी एवढ्या पिढ्यांत मुरली, ढोबळी कालची. कालची खरी, इंग्रजी अमदानीत ती थंड डोंगरांत रुजली, ‘सिमला’ हे नाव त्याचीच खूण, आणि आपल्याकडेही लावला गेलेला ‘कॅलिफोर्निया वंडर’ हा वाण अमेरिकेत 1928मध्ये आला. पण उशिरा आली म्हणून कूळ बदलत नाही. दोघींची जात एकच, कॅप्सिकम ॲन्युअम. ढोबळी उभी चिरली की देठाखाली बियांचा पांढरा गाभा आणि त्याच्या शिरा दिसतात. संकेश्वरीचं तिखट साठतं ते ह्याच शिरांत, बियांत नव्हे. ढोबळीत तिखट तयार करणारं जनुक निकामी झालेलं असतं, एवढाच फरक.

संकरित बियाण्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे. जवारी मिरचीचं बी शेतकरी घरी धरतो, ढोबळीचं दरवेळी विकत आणतो. त्यात पीक नाजूक: पारा 32 अंशांपुढे गेला की फुलं गळतात, फुलकिडे आणि कोळी आले की पानं आकसून बोकड्या पडतो. लाल-पिवळी हवी तर फळ झाडावरच पिकू द्यायचं, म्हणजे आणखी काही आठवडे जोखीम. म्हणून ती पॉलिहाऊसमध्ये, दोरीला बांधून वाढवतात. पण विकतचं बियाणं परकं ठरवलं तर टोमॅटो आणि फ्लॉवरही बाद होतील. स्वयंपाकघर असा पंक्तिभेद करत नाही. तिथं ढोबळी पोखरून दाण्याचा कूट आणि कांदा-लसूण चटणी भरतात, किंवा फोडी परतून बेसन पेरतात. जाड गराला पाणी सुटतं, त्यात पीठ शिजतं, चटणी आत उतरते. संकेश्वरीची अशी वाटीभर भाजी कोण खाईल? एकीनं तिखट द्यायचं, दुसरीनं ते पेलायचं.

बी धरायची हौस असेल त्यानं मात्र ढोबळी संकेश्वरीपासून लांब लावावी. संकेश्वरीच्या परागांनी परागीभवन झालं तरी यंदाचं फळ गोडच राहील; पण त्या संकराच्या बियांतून पुढच्या हंगामात जी रोपं येतील, त्यांची फळं तिखट निघतील.