सीताफळ पिकते म्हणजे नेमके काय होते? मुलांना सांगता येईल अशी माहिती

दगडासारखे टणक सीताफळ घरी आणले की दोन-चार दिवसांत लोण्यासारखे मऊ होते. कसे, असे मुलाने विचारले तर त्याला सांगा: तोडलेले फळसुद्धा जिवंत असते, श्वास घेत असते. वाढ पूर्ण झाली की ते इथिलीन नावाचा वायू सोडू लागते. हा वायू म्हणजे ‘चला, पिका आता’ अशी हाक. शेजारच्या फळांनाही ती पोहोचते. आजी गवतात आढी घालते ती यासाठीच. वायू कोंडून राहतो आणि सगळी फळे पिकायला लागतात.

मग आतल्या पिठूळ पदार्थाची साखर होते आणि पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळून गर मऊ पडतो. सालीतले हिरवे द्रव्य मोडते. आंबा-पपईत त्याच्याआड असलेला पिवळा रंग दिसू लागतो, शिवाय नवा रंगही तयार होतो. भौगोलिक मानांकन मिळालेले आपले बीडचे सीताफळ मात्र फारसे रंगत नाही. डोळ्यांमधल्या भेगा रुंदावून पांढरट-पिवळसर होतात, तीच खूण. फार कोवळे तोडलेले फळ कितीही दिवस ठेवा, पिकणार नाही, काळे पडून वाळेल. द्राक्षे, संत्री आणि डाळिंबेही तोडल्यावर पुढे पिकत नाहीत.

इथेच पालकांनी सावध राहावे. कॅल्शियम कार्बाइडची पूड ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सोडते. तो इथिलीनची नक्कल करतो. साल पिवळी होते, गर बऱ्याचदा कच्चट राहतो. या पुडीत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि पूड तोंडात गेली तर तोंड व घसा भाजतो. कार्बाइडने फळे पिकवायला 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. ठरलेल्या प्रमाणात इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, त्याची भीती नको. पेटीत राखाडी पुडीची पुडी दिसली तर ती मुलांच्या हाती देऊ नका, फळे परत करा. एरवी फळ वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन मगच कापा.

फळ गोड होते ते प्राण्यांनी खावे आणि बी दूर नेऊन टाकावी म्हणून. बी कोणी चावू नये म्हणून ती मात्र विषारी. मुलाने एखादी अख्खी बी गिळली तर ती सहसा तशीच शौचावाटे बाहेर पडते. अगदी लहान मुलांना मात्र बिया काढूनच गर द्या, बी श्वासनलिकेत अडकू शकते.

उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. कृपया ती बंद करा. पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. तसे झालेच तर डोळा चोळू न देता लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. उवांसाठी सुरक्षित औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.