तुमसर, २६ फेब्रुवारी २०१४ : दारापर्यंतचे तास

दिवसा
बुधवार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे जवळच्या गायमुखच्या यात्रेचे दिवस. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरचे एक सराफा व्यापारी गोंदियाला गेलेले. घरी पत्नी आणि शाळकरी मुलगा.

संध्याकाळनंतर
गोंदियाहून तिरोड्यामार्गे तुमसर, तासाभराचा रस्ता. गाडीत सोबत ओळखीची माणसं. वाटेतच त्यांनी व्यापाऱ्याचा गळा आवळला. घरी याची काहीच खबर नाही. तिथे एका माणसाची वाट पाहणं चाललेलं, आणि मारेकऱ्यांना नेमकं तेच ठाऊक होतं.

रात्री, दाराशी
अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, हे आपण मुलांना शिकवतो. या रात्री दाराशी आली ती गाडीतलीच ओळखीची माणसं, म्हणून तो धडा कुचकामी होता. घरधनी यायच्या वेळेला बेल वाजली की माणूस आधी कडी काढतो, मग पाहतो. दाराला भिंग असलं तरी त्यातून ओळखीचा चेहरा दिसला, तर भिंगाचा उपयोग काय?

मग काय करता येतं? जाळीचं दार लावलेलंच ठेवून विचारायचं, ‘ते कुठे आहेत?’ लगेच त्यांना फोन लावायचा आणि त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत कडीला हात लावायचा नाही. ‘साहेबांनी पाठवलं’, ‘गाडी बिघडली’, ‘कागद हवेत’ यातलं काहीही त्या आवाजाच्या जागी चालवून घ्यायचं नाही. फोन लागला नाही तर शेजाऱ्याला हाक मारायची, पोलिसांना कळवायचं. तेव्हा त्यासाठी १०० होता, आता ११२ आहे. आपल्याकडे आलेल्याला आधी पाणी विचारतात. त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणं जिवावर येतं. खरा माणूस असेल तर फार तर रुसेल.

अर्थात, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या त्या बाईनं हे सारं करायला हवं होतं, असं म्हणणं निर्दयपणाचं आहे. दोष दाराबाहेरच्यांचा.

आई आणि मुलगा, दोघांचाही जीव घेतला गेला. आठ किलोंहून जास्त सोनं आणि ३९ लाख रुपये घेऊन मारेकरी निघून गेले.

३० जुलै २०१५
भंडारा शहर. दुसरी घटना, आणि या वेळी बहाणा एसी दुरुस्तीचा. घरात शिरलेल्यांनी एका महिलेचा खून केला. मिस्त्री आपण बोलावला नसेल, तर त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी किंवा गळ्यातलं ओळखपत्र पाहून काही ठरवू नये. त्यानं दिलेल्या नंबरवर खात्री करण्यातही अर्थ नाही, तो नंबर त्याच्याच साथीदाराचा असू शकतो. एसीच्या बिलावरचा नंबर शोधून तिथे विचारावं आणि तोवर त्याला फाटकाबाहेर उभं ठेवावं.

एप्रिल २०२३
तुमसर प्रकरणात भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं सात जणांना जन्मठेप सुनावली. खटल्याला नऊ वर्षं लागली.