काठिण्याची किंमत

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मात्र कोणतीही वस्तू पाहिली की, ही घडविली कोणी, हा प्रश्न आधी सुचतो. तोच प्रश्न येथे आम्ही एका मण्याला विचारणार आहोत.

पुण्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांमागच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. तांबड्या अकीकाचे मणीही सापडले. असा मणी इतकी शतके कसा टिकतो?

१८१२ साली फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने सोपी कसोटी दिली : जो दगड दुसऱ्यावर चरा पाडतो, तो अधिक कठीण. संगजिऱ्याला त्याने १ अंक दिला, हिऱ्याला १०. या मोजणीत नथीतला मोती व तांबे ३ च्या आसपास, सुरीचे पाते साडेपाच, तर अकीक साडेसहा ते सात. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे कण असतात. त्यांचे काठिण्य ७. म्हणून साध्या धुळीनेही मोत्याचे तेज मंदावते, अकीकाचे सहसा नाही.

परंतु दागिना ज्या गुणाने टिकतो, तोच गुण कारागिराला झिजवतो. नुसत्या तांब्याच्या सळईने अकीकास भोक पडत नाही. तितकीच कठीण टोके किंवा पूड हवी. हा धंदा पुढे खंबायतेस भरभराटला. ते गाव १९६० पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होते. तेथील कारागीर हिऱ्याच्या कण्या बसविलेला सामता कमानीने फिरवून मण्यांना भोके पाडीत.

अकीक म्हणजे सिलिका. घासताना तिची बारीक धूळ छातीत जाते, फुप्फुसाला व्रण पडतात, श्वास आखडतो. हा सिलिकोसिस, तो बरा होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो सरकारास कळवावयाच्या रोगांत घातला. पण मूळ कायद्याची अट यंत्रशक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगारांची होती. घराच्या ओसरीवर बापलेक दगड घासतात, तेथे कायदा पोचावा कसा?

उपाय अवघड नाहीत : दगडावर पाण्याची धार आणि धूळ ओढून घेणारा पंखा. त्यांचा खर्च मण्याच्या किमतीत धरला पाहिजे. रत्न पारखताना आपण चरा आहे का, हे पाहतो. ते घासणाऱ्याच्या छातीचीही चौकशी करावी, एवढेच आमचे मागणे आहे.