कुंपण कोणासाठीं?

‘कुंपण’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शेत उभें राहतें. कुंपणानेंच शेत खाल्लें अशी तक्रार आपली म्हण करिते. पण कुंपणानें जनावराचें काय केलें, हें विचारावयाचें तिला सुचलेलें नाहीं. हल्लीं गांवाबाहेर घर बांधून कुत्रें, मांजर, ससे पाळणारीं कुटुंबें पुष्कळ झालीं आहेत. अंगणाच्या कुंपणाचा प्रश्न निघाला म्हणजे पहिल्यानें काटेरी तारेचें वेटोळें त्यांच्यापुढें येतें. तें कां येतें हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

शेताचें कुंपण जन्मलें तेंच जनावराच्या विरुद्ध. कोंकणांतील बिनचुन्याचा दगडी गडगा व काट्याकुट्यांची वई, देशावरील बाभळीच्या फांद्या, शेर, घायपात, फड्या निवडुंग, या सर्वांचें काम एकच. गुरांस पिकापासून दूर ठेवावें. (निवडुंग हा मूळचा अमेरिकेचा पाहुणा. तो दक्षिण हिंदुस्थानांत इतका माजला कीं १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून एक किडा आणून त्याच्यावर सोडावा लागला.) कायद्यानेंही पिकाचीच बाजू घेतली. १८७१ च्या कायद्याप्रमाणें दुसऱ्याच्या शेतांत शिरलेलें गुरूं कोंडवाड्यांत जाई, आणि धन्यानें दंड व वैरणीचा खर्च भरावा तेव्हां सुटे.

काटेरी तार ही याच बुद्धीची अमेरिकन संतति आहे. तिकडील गवताळ मैदानांत लांकूड नाहीं, दगड नाहीं. आणि काटेरी झाडांची वाढ होण्यास वर्षें लागत. १८७३ सालीं इलिनॉय संस्थानांतील डीकॅल्ब गांवच्या जत्रेंत हेन्री रोझ नांवाच्या शेतकऱ्यानें अणकुच्या ठोकलेली लांकडी पट्टी मांडली होती. ती पाहून जोसेफ ग्लिडन घरीं परतला तो काट्यांचाच विचार करीत. एका तारेवर काटे गुंडाळावयाचे व तिच्यासह दुसरी तार पिळावयाची, म्हणजे काटे जागचे सरकत नाहींत. एवढीच त्याची युक्ति. कॉफी दळण्याच्या यंत्रावर त्यानें पहिले काटे वळविले असें सांगतात. २४ नोव्हेंबर १८७४ रोजीं त्याला पेटंट मिळालें, आणि पुढें थोड्याच वर्षांत मोकळीं मैदानें तारांनीं आखलीं गेलीं.

या शोधाचें तत्त्व असें कीं, जनावरानें एकदां रक्त सांडावें व शहाणें व्हावें. त्या रक्ताचा हिशेब मोठा आहे. जखमेवर माशी अंडीं घाली व अळ्या जिवंत मांस खात. १८८५-८६ च्या हिंवाळ्यांत टेक्ससच्या उत्तर भागांत बर्फाच्या वादळापुढें दक्षिणेकडे सरकणारीं गुरें तारेशीं अडलीं आणि हजारोंनीं तेथेंच गोठून मेलीं. इंग्लंडांत तर १८९३ सालीं खास कायदा झाला: रस्त्यालगतच्या ज्या तारेनें येणाऱ्याजाणाऱ्या माणसांस अगर जनावरांस इजा होण्याचा संभव आहे, ती काढावयास लावण्याचा अधिकार स्थानिक मंडळांस मिळाला. गुराचें कातडें जाड असतें; तें एकदां टोंचलें कीं कदाचित् शिकेलही. मांजराच्या मागें धांवणारें कुत्रें तारेपाशीं शिकावयास थांबत नाहीं.

नवल हें कीं, अधिक योग्य वस्तु तीस वर्षें आधींच तयार होती. नॉर्विच हें विणकरांचें जुनें शहर. तेथील चार्ल्स बार्नर्ड यानें १८४४ सालीं कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारें यंत्र बनविलें. जाळी दुखवीत नाहीं, नुसती अडविते. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९०१ ते १९०७ या काळांत सशांचा लोंढा थोपविण्यासाठीं कुंपण घातलें, त्याची मुख्य रांग १,१३९ मैल लांब होती. तेथें जाळीची खालची कड जमिनींत पुरली, कारण ससा उडी मारण्यापेक्षां उकरतो अधिक.

आमच्या मतें अंगणाचें कुंपण निवडतांना ही पुरलेली कड ग्लिडनच्या काट्यापेक्षां अधिक उपयोगी आहे. उकरणाऱ्या कुत्र्यासाठीं जाळी वीतभर पुरावी, किंवा आंतल्या बाजूस जमिनीवर दुमडून तिच्यावर दगड रचावे. आडव्या पट्ट्या बाहेरून माराव्या. आंतून मारल्या तर ती शिडीच होते. मांजरासाठीं उंची वाढवून उपयोग नाहीं. वरची कड आंत झुकवावी, आणि तरीही तें गेलें तर आश्चर्य मानूं नये. हिरवें कुंपण कोणाला आवडत नाहीं? परंतु कण्हेर विषारी आहे व शेराचा चीक डोळ्यांस घातक. पाळीव जनावराच्या अंगणांत दोन्ही नकोत. मेंदी चालेल, मात्र तिच्या बुडाशीं पिल्लू निसटण्याजोगी फट राहते, तेथें जाळी लागतेच.

राहिलें कवाड. चारी बाजूंस पैसा ओतून कवाडाखालीं चार बोटें मोकळीं सोडलेलीं आम्ही अनेक घरीं पाहतों. तेथें उंबऱ्याएवढी दगडी पट्टी बसवावी, आणि कवाड आंतल्या बाजूस उघडेल असें करावें, म्हणजे कुत्र्यानें अंगाचा भार टाकला तरी तें बाहेर ढकललें जात नाहीं.