पहिली नोंद कुणाच्या वहीत?

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या गणपती कारखान्यांचा धंदा वर्षभर चालतो आणि त्याचा हिशेब शेवटच्या दीड महिन्यात अंगावर येतो. अलिबागचा पांढरा कांदा, श्रीवर्धनची सुपारी किंवा घरगुती पापड-कोकम विकणाऱ्या किनाऱ्यावरच्या छोट्या ऑनलाइन धंद्यांचीही थोडीफार हीच गत असते. मागणी व्हॉट्सॲपवर येते, फोटो इन्स्टाग्रामवर असतो, बयाणा यूपीआयने जमा होतो, पत्ता कुरिअरच्या ॲपमध्ये भरला जातो, बिल आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये बनते आणि खात्री म्हणून हे सगळे एका रजिस्टरातही उतरवले जाते. एकच मूर्ती सहा ठिकाणी लिहिली जाते, आणि सहांपैकी दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत की रात्र जागावी लागते. यावर सांगितला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे सहांना जोडणारे सातवे साधन घ्यायचे. या किनाऱ्यावरच्या व्यापाराचा इतिहास पाहिला तर प्रश्न साधनांच्या संख्येचा फारसा नाही, पहिली नोंद कुठे होते आणि ती कुणाच्या ताब्यात राहते याचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या पेढीवरची हिशेबाची रचना आठवून पाहू. दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या खर्ड्यात टिपले जात. त्यावरून तारीखवार रोजकीर्द लिहिली जाई. रोजकिर्दीतली प्रत्येक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे. खात्यांच्या बेरजांवरून तेरीज निघे आणि वर्षअखेर ताळेबंद. वह्या चार-पाच दिसतात, पण व्यवहार मुळात एकदाच लिहिलेला असतो. पुढच्या सगळ्या वह्या त्या एका नोंदीच्या पोटातून जन्मतात, आणि ओघ नेहमी एकाच दिशेने वाहतो. खतावणीत चूक निघाली तर रोजकीर्द उघडायची, रोजकिर्दीत शंका आली तर खर्डा. कोणती वही खरी, असा वाद उद्भवतच नाही. ही अक्कल काही एकट्या मराठी मुलखाची नव्हती. इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत छापून प्रसिद्ध केली, तिच्यातही कच्ची टिपणवही, रोजवही आणि खातेवही अशाच तीन पायऱ्या आहेत. त्यानंतर तीसेक वर्षांतच पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला ठाण मांडून बसले. कुणी कुणाकडून काय घेतले हा इथला मुद्दा नाही. दूरदूरच्या व्यापाऱ्यांना एकाच अडचणीतून एकच वाट सापडावी, यावरून ती अडचण किती मूलभूत असेल हे कळते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ज्या काळाला मी सोपे म्हणतो तो सोपा होता कुठे? मोडीत लिहिलेली वही सरावलेल्या माणसालाच वाचता येई. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. धान्याला चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी, आणि मिठाला आणखी निराळे माप. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नाही. या गुंत्यातून वाट काढायला शाळेत पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. साडेतीनचा पाढा पाठ असल्याशिवाय दुकानावर बसता येत नसेल, तर त्या व्यवस्थेला सुटसुटीत म्हणणे धाडसाचेच आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक गणिताचा गुंता, दुसरा नोंदीच्या ओघाचा. जुन्या पेढीचे गणित अवघड होते, ओघ सरळ होता. आजच्या छोट्या धंद्याचे गणित यंत्र क्षणात करते, ओघ मात्र सहा तोंडांनी फुटलेला आहे. म्हणूनच जास्त वेगवान यंत्र घेऊन हा त्रास कमी होत नाही.

गणिताचा गुंता सरकारने कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. १९३९ च्या कायद्याने ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण प्रमाण ठरवून पाहिला. स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आणली आणि १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने ती सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांच्या शेराच्या जागी, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमच्या जागी, हजार ग्रॅमचा किलो आला. बदल फुकट झाला नाही. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण सव्वासहाचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा तोडगा काढावा लागला, आणि वरखाली होणाऱ्या पैशावरून काउंटरवर कुरबुरी झाल्या असतील तर नवल नाही. पण या सुधारणेचा मोठा गुण असा की ती कुणाच्या मालकीची नव्हती. किलोचे वजन वापरायला कुणाच्या पेढीशी बांधून घ्यावे लागत नव्हते. विकणारा, घेणारा आणि तपासणारा, तिघांनाही तेच माप सारखेच उपलब्ध झाले.

याच सुधारणेची मर्यादाही किनाऱ्यावर दिसते. कार्ले-खंडाळे भागातला पांढरा कांदा आजही पातीची वेणी घालून माळेने विकला जातो. कोळणीकडची मासळी वाट्याने मिळते. नारळ आणि आंबा शेकड्याने मोजायची सवय गेलेली नाही. हे अडाणीपणाचे अवशेष आहेत असे मानणे चूक ठरेल. माळेत कांद्याचा आकार, सुकलेपणा आणि टिकाऊपणा डोळ्यांना दिसतो, आणि वाट्यात माशांची प्रतवारी आपोआप होते. माल डोळ्यांपुढे असतो तिथे वजनाने कळते त्याहून जास्त माळ सांगते. कायद्याच्या बाजारात किलो, ओळखीच्या बाजारात माळ, असे दोन्ही चालले आणि बिघडले काही नाही. घोटाळा होतो तो धंद्याची मूळ मोजणी सोडून साधनाची मोजणी स्वीकारली की. पेणच्या मूर्तीला उंची असते, साचा असतो, दगडूशेठ किंवा टिटवाळा अशी घडणीची ओळख असते आणि डोळ्यांची आखणी झाली की नाही अशी अवस्था असते. ज्या सॉफ्टवेअरच्या रकान्यांत फक्त वस्तू, नग आणि दर बसतात त्यात हे मावत नाही. मग मावत नाही ते दुसऱ्या वहीत जाते, आणि दोन वह्यांचा संसार सुरू होतो.

ओघ सरळ करण्याचे उत्तम उदाहरण टपाल खात्याने घालून दिले. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू झाली, लोकांच्या तोंडी ती व्ही. पी. झाली. १८८० मध्ये मनीऑर्डर पोस्टाकडे आली. तोवर दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा तर वाहतूक एकाची, वसुली दुसऱ्याची आणि भरवसा तिसऱ्याचा. व्ही. पी.ने हे तिन्ही एका कागदात आणले. पोस्टमनने पुडके दिले की पैसे घ्यायचे आणि ते मनीऑर्डरने विक्रेत्याकडे परत यायचे. आज घरपोच रोखीचा व्यवहार म्हणून मिरवतो तो हाच. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या कोकणी माणसाची मनीऑर्डर गावच्या घराचा आधार झाली ती याच यंत्रणेमुळे. पोस्टाने आपला मोबदला घेतला, नियम लावले, पण पावती विक्रेत्याच्या हातात दिली. गिऱ्हाईक कोण, त्याने काय मागवले, पुन्हा कधी मागवेल, हे विक्रेत्याच्या वहीतच राहिले. पोस्टाने ओझे वाहिले, गिऱ्हाईक नेले नाही.

सगळे काही एका ठिकाणी आणणे म्हणजे सोपे करणे, असे यावरून वाटेल. तसे असते तर या किनाऱ्यावरची सर्वांत सोपी पद्धत खोतीची ठरली असती. कुळाला वही ठेवायची गरजच नव्हती. किती पिकले, किती खंड, किती बाकी, किती व्याज, सगळे खोताकडे आणि सावकाराकडे मांडलेले. एका साधनात सारे आले होते, फक्त ते साधन कुळाचे नव्हते. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. लाकडे विकून आणि मिळेल ती मजुरी करून ते १९३९ पर्यंत तग धरून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९३९ चा आणि नंतर १९४८ चा कूळकायदा आला. लढा जमिनीचा आणि पोटाचा होता, हे नि:संशय. पण कायद्याने कुळाला जे बळ दिले त्यात एक मोठा भाग सरकारी दप्तरातल्या नोंदीचा होता, हे विसरून चालणार नाही. जमीन कसणाऱ्याचे नाव खोताच्या वहीबाहेर कुठेतरी लागले, तेव्हाच त्याला हक्क सांगता आला.

छोट्या ऑनलाइन विक्रेत्याला कूळ म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, हा दुसरा आक्षेप. कुळाला दुसरी जमीन नव्हती, विक्रेत्याला दुसरे संकेतस्थळ आहे. शिवाय मोठी बाजारपेठ त्याला मागणी, वाहतूक, वसुली आणि बिल एकाच पडद्यावर देते, म्हणजे व्ही. पी.चेच काम करते. यातला पहिला भाग मला मान्य आहे. शोषणाची तुलना मी करत नाही, तुलना वहीच्या ताब्याची आहे. दुसरा भाग मान्य नाही. पोस्टाची पावती विक्रेत्याकडे राहत होती. इथे गिऱ्हाइकाची ओळख, त्याचा अभिप्राय आणि मागच्या खरेद्या बाजारपेठेच्या दप्तरात राहतात आणि विक्रेता दार सोडून गेला की मागेच पडतात. अशा दारातून जाण्याची वेगळी किंमतही बराच काळ मोजावी लागली. उलाढाल कितीही थोडी असो, अशा बाजारपेठेतून माल विकायचा तर जीएसटी नोंदणी अनिवार्य होती. एकाच राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. उलट २०१६ मध्ये आलेले यूपीआय किलोच्या जातीचे आहे. बँक कोणतीही असो, ॲप कोणतेही असो, पैसे पोचतात. १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅलीने देशभरच्या दुकानांत मूळ धरले, त्याचे एक कारण असे की खात्याला आकड्यांचे संकेत न देता नावानेच ओळखण्याची जुनी सवय तिने मोडली नाही.

राहिला तिसरा आक्षेप. धंदा वाढला की साधने वाढणारच, हजारो मूर्तींचा कारखाना एका वहीवर चालत नाही. खरे आहे, आणि जुन्या पेढ्यांनीही तेच केले. धंदा वाढला की खतावण्या वाढत, गावोगावच्या उधारीच्या वह्या वेगळ्या निघत, जांगड मालाची नोंद स्वतंत्र होई. रोजकीर्द मात्र एकच राहत असे. म्हणून साधने कमी करायला बसणाऱ्याने, कोणते ॲप काढून टाकू, असा प्रश्न आधी विचारू नये. आपली रोजकीर्द कोणती, हे आधी ठरवावे. ती साधे रजिस्टर असो, स्प्रेडशीट असो की बिलाचे सॉफ्टवेअर. मागणी कुठूनही आली तरी पहिल्यांदा तिथेच लिहायची. कुरिअरचा पत्ता, बिल आणि उधारीची यादी तिथून निघाली पाहिजे, उलट कधीच नाही. महिन्याअखेर तेरीज काढावी आणि जी वही त्या तेरजेला काहीच पुरवत नाही ती बंद करावी. आणि जे साधन आपली नोंद आपल्याला पूर्णपणे बाहेर काढून देत नाही, ते कितीही सोपे असले तरी त्यात रोजकीर्द ठेवू नये.

गणपतीच्या धंद्यात याची परीक्षा दर श्रावणात होते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने महिनोन्‌महिने आधी रवाना झालेल्या असतात, दुकानदारांचा माल भरून निघालेला असतो, आणि तेव्हा घरगुती गिऱ्हाईक येते किंवा त्याचा निरोप येतो. ते उंची सांगत नाही, रंग सांगत नाही. गेल्या वर्षीसारखीच मूर्ती हवी, एवढेच म्हणते. गेल्या वर्षी कोणता साचा, कोणते पितांबर, सोंड कुठल्या बाजूला, हे कारखानदाराला आपली वही उघडून सांगता आले, तर ते गिऱ्हाईक त्याचे. त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या पडद्याची वाट पाहावी लागली, तर मूर्ती त्याने घडवली असली तरी गिऱ्हाईक मात्र त्या पडद्याच्या मालकाचे झालेले असते.