चावडीवरची पेटी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, तह येतात, फार तर एखाद्या सरदाराचे दप्तर येते. वर्गात हा विषय शिकवताना मुलांचीही समजूत मला हीच दिसते की, जिथे तलवार नाही तिथे इतिहास नाही. पण गावाच्या चावडीवर ठेवलेल्या एका पेटीलाही इतिहास असतो, आणि फराळाचे ताट पुढ्यात घेऊन ऐकावा इतका तो रंजक असतो. ही पेटी म्हणजे दूरदर्शनचा संच. मात्र आज घरोघर भिंतीला टांगलेला असतो तो नव्हे. साऱ्या गावाचा मिळून एक, संध्याकाळी उघडायचा आणि रात्री कुलूप घालून ठेवायचा, असा संच. त्यात गावाने जग पाहावे हे तर होतेच. पण गावाने स्वतःलाही त्यात पाहावे, अशी काही थोड्या लोकांची खटपट होती. त्या खटपटीची ही हकीगत.

तिचे मूळ शोधू लागलो तर आपल्याला दिल्लीला जायला नको. ते सापडते पुण्यात. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले, आणि १९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या साहाय्याने तिथून एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक मंडळींचे एक श्रोतेमंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, सगळ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा. तो बंद झाला की मग खरे काम सुरू. ऐकलेल्यावर चर्चा करायची, शंका लिहून केंद्राकडे धाडायच्या, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे ऐकायची. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या मंडळांवरून घेतलेली होती. पण पारावर बसून वाद घालायला आमच्या माणसाला कॅनडाने शिकवावे लागत नाही. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने या सगळ्याची तपासणी केली. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती मंडळ नसलेल्या गावांपेक्षा कितीतरी वाढली, असे त्याला आढळले. मला यात मोलाचे वाटते ते निराळेच. रेडिओ बोलतो आणि आपण ऐकतो, एवढाच संबंध आजवर होता. इथे पहिल्यांदा गावाने उलट प्रश्न विचारला.

पुढे १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा हाच साचा चित्राला लावला गेला. केंद्राचा आवाका चाळीसेक किलोमीटरचा. संच घेणार कोण? म्हणून युनेस्कोच्या मदतीने वस्त्यावस्त्यांतून दूरदर्शन मंडळे उघडली. १९६० च्या डिसेंबरपासून १९६१ च्या मेपर्यंत या मंडळांसाठी खास कार्यक्रम झाले. विषय कोणते म्हणाल तर रस्त्यावरून कसे चालावे, अन्नातली भेसळ कशी ओळखावी, घाणीमुळे रोग कसे पसरतात, सार्वजनिक जागा बळकावू नये! आजच्या चटकदार मालिकांच्या मानाने हे विषय अगदीच अळणी वाटतील. पण शेजारधर्माचे हे धडे दिल्लीच्या मोहल्ल्यांतून माणसे एकत्र बसून पाहत आणि नंतर त्यावर बोलत. १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले आणि दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांत असे सामुदायिक संच गेले.

त्यामागे विक्रम साराभाई होते. या माणसाचे मला नेहमी नवल वाटते. घर गिरण्यांच्या मालकांचे, शिक्षण केंब्रिजचे, आणि ध्यास कशाचा, तर जिथे डांबरी रस्ता पोचला नाही तिथे आधी चित्र पोचवायचे! तारा ओढत आणि मनोरे बांधत बसलो तर देशभर दूरदर्शन पोचायला पिढी जाईल. त्यापेक्षा आकाशातून एकदम सगळीकडे का टाकू नये, असा त्यांचा हिशेब. १९६९ साली अमेरिकेच्या नासाशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात अचानक गेले. काम मात्र थांबले नाही. यशपाल आणि एकनाथ वसंत चिटणीस यांच्यासारख्यांनी ते पुढे नेले. चिटणीस मूळ कोल्हापूरचे. शंभरी पुरी करून २०२५ साली पुण्यात वारले. आपल्याकडे त्यांचे नाव व्हावे तितके झाले नाही.

प्रयोगाचे नाव ‘साईट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. अमेरिकेचा उपग्रह वर्षभराच्या बोलीवर उसना आणलेला. सोयऱ्याच्या घरून लग्नापुरता मांडव आणावा तसा. राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे निवडली, तीही मुद्दाम मागासलेल्या जिल्ह्यांतली. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण मुलांसाठी विज्ञानाचे जे कार्यक्रम होते ते मुंबईच्या स्टुडिओत तयार होत. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, त्यामुळे ३६ हजार किलोमीटरांवरचा उपग्रह चित्र कसे फेकतो हे मी समजावून सांगू शकणार नाही. पण ते झेलणारी छत्री कशाची होती हे सांगितले तर घरातल्या आजीलाही कळेल. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! दहा फुटांची ती जाळीची छत्री छपरावर किंवा अंगणात उभारायची. वीज नसेल तिथे संच बॅटरीवर चालवायचा. लेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच अशा उपग्रहांची कल्पना मांडली होती. त्यांच्या कोलंबोच्या घरीही या प्रयोगाचा एक संच पाठवला गेला. एखाद्या कादंबरीकाराने कागदावर लिहिलेले असे छपरावर येऊन उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. (आम्ही लिहितो ते बहुधा रद्दीत जाते.)

सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास गावासाठी कार्यक्रम असत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, लोकनृत्ये, भजने. सुट्टीत प्राथमिक शिक्षकांचे वर्ग याच पेटीवरून घेतले गेले आणि हजारो मास्तर त्यात शिकले. संशोधक गावागावांत मुक्काम करून राहिले. त्यांना दिसले ते असे: पहिले काही दिवस जत्रा लोटली, मग गर्दी ओसरली आणि शंभरेक माणसांवर स्थिरावली. त्यात पोरे सगळ्यांत पुढे, बायका पुरुषांहून कमी. पेटी सगळ्या गावाची, पण ज्या अंगणात ती ठेवली आहे तिथे पाऊल टाकायची मुभा सगळ्या गावाला आहे का, हा प्रश्न उपग्रहाला कसा सुटावा?

मला तो प्रश्न लहानपणीच भेटला. माणदेशातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीचा संच आला तेव्हा मी आठनऊ वर्षांचा असेन. लाकडी कपाटात तो ठेवलेला, दारांना कुलूप, आणि किल्ली पंचायतीतल्या एका बड्या असामीच्या कडदोऱ्याला. रविवारी सकाळी ‘रामायण’ असले की किल्ली तासभर आधी हजर होई. ‘आमची माती, आमची माणसं’च्या वेळी मात्र ती बहुधा शेतावर गेलेली असे. कापसाच्या बोंडअळीवर काय सांगितले हे ऐकायला आलेले कोरडवाहू शेतकरी ओट्यावर बसून विडी ओढून परत जात. आणि पलीकडच्या वस्तीतली माणसे ओट्याच्याही खाली, रस्त्यावर उभी राहून पाहत. त्यांना ‘वर या’ असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. माझी आत्या कधी गेलीच नाही. “पुरुषांच्या घोळक्यात काय बघायचं ते, तू बघ आणि मला सांग,” म्हणायची. मी रोज सांगत असे. कादंबरीलेखनाचा माझा पहिला सराव तो.

हे सगळे मनात असल्यामुळे खेड्याची हकीगत वाचताना मी चमकलो. खेडा म्हणजे गुजरातेतला जिल्हा. १९१८ साली गांधीजींनी आणि वल्लभभाईंनी सारावसुलीविरुद्ध सत्याग्रह केला तोच. नडियादजवळच्या पीज गावी १९७५ साली एक लहानसा, एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभा राहिला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात कार्यक्रम तयार होत आणि तिथून फेकले जात. चारशेंवर गावांत सहाशेंवर सामुदायिक संच बसवले. ते कुठे ठेवायचे? इथे खेड्याला एक तयार जागा सापडली: दूध मंडळी. आणंदचा दूध संघ १९४६ पासून तिथे रुजलेला. डेअरीवर दूध घालायला सांजसकाळ सगळ्यांनाच यावे लागे, पाटलाला आणि भूमिहीनालाही; आणि रांग ज्याची त्याने धरायची. दुधाचा भाव चरबीच्या अंशावर ठरतो, जातीवर नव्हे. बायका तर रोज येणाऱ्याच. त्यांना तिथे थांबायला निमित्त शोधावे लागत नसे. दूध घातले, आणि चरवी बाजूला ठेवून पेटीपुढे बसायचे. पेटी कुठे ठेवावी, एवढ्या एका गोष्टीत केवढा फरक पडतो पाहा.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेटीत दिसत होते ते. सुटसुटीत कॅमेरे घेऊन ही अहमदाबादची मंडळी गावांत हिंडत. कार्यक्रम करण्याआधी लोकांना विचारत, केल्यावर दाखवून पुन्हा विचारत. बोली चरोतराची. नट पुष्कळदा गावातलेच. भवाई हा गुजरातचा जुना लोकनाट्याचा प्रकार. आपल्या तमाशात सोंगाड्या तसा त्यात रंगलो. गावकऱ्यांच्या ओळखीची ही सोंगे, बाहुल्यांचे खेळ, गाणी पडद्यावर आली आणि त्यांच्या तोंडून लसीकरण, बाळंतपण, गावची स्वच्छता यांच्या गोष्टी निघू लागल्या. ‘चतुर मोटा’ नावाची मालिका लोकप्रिय झाली. दुसरी ‘हुं ने मारा ए’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘मी आणि आमचे हे’. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बाईच्या तोंडचे हे शीर्षक ऐकूनच पेटीपुढे हशा उठला असेल. पण हशाच्या आडून घरातली बाईची जागा, हुंडा, मुलींचे शिक्षण हे सगळे बोलले जात होते. ‘हवे ना सहेवां पाप’ ही मालिका तर याहून धीट. मजुरी, पिळवणूक, शिवाशीव यांची गोष्ट ज्यांच्यावर गुदरते त्यांनाच पुढे करून सांगायची. शेजारी बसलेल्या जमीनदाराला ते रुचले नसणार हे सांगायला नको. सरकारी पेटीतून सरकारी माणसाने समतेवर भाषण करणे वेगळे, आणि आपल्याच शेतावर राबणारा माणूस त्या पेटीत दिसणे वेगळे.

तिथे जाहिरात नव्हती. साबण विकायचा नसल्याने कुणाला खूश ठेवण्याची सक्ती नव्हती. १९८४ साली युनेस्कोचे ग्रामीण दळणवळणाचे पारितोषिक या खेड्याच्या कामाला मिळाले.

आणि नेमक्या त्याच सुमाराला वारे फिरले. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत चित्र आले. ‘इनसॅट–१ बी’ हा उपग्रह १९८३ मध्ये सुटला. आपला महाराष्ट्रही त्याच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या सहा राज्यांत आला. पण १९८४ मध्ये देशभर भराभर जे प्रक्षेपक उभे राहिले, ते दिल्लीचे चित्र झेलून पुढे फेकणारे. त्यांना स्वतःचे बोलायला जीभच दिली नव्हती. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली, नूडल्सची जाहिरात सोबत घेऊन. मी तिची निंदा करणार नाही; मध्यमवर्गीय घरांतले रडणेहसणे तिने खरेच पडद्यावर आणले. पण चरोतरातल्या बाईला आता ‘आमचे हे’ ऐवजी दिल्लीची बडकी आणि छुटकी भेटू लागली. दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयी पी. सी. जोशी समितीने अहवाल दिला तेव्हा त्यात खेड्यासारख्या कामाची कदर होती. तो अहवाल मानाने ठेवून दिला गेला.

१९८५ साली सरकारच्या मनात आले की पीजचा प्रक्षेपक उचलून मद्रासला न्यावा, तिथल्या दुसऱ्या वाहिनीसाठी. हिशेब सरळ होता. खेड्यात आता अहमदाबादचे मोठे केंद्र दिसते; मग तिथे हा लहान मनोरा कशाला? तेव्हा खेड्याच्या लोकांनी विरोध केला. मला या विरोधाचे फार अप्रूप वाटते. चित्र दिसायचे बंद होणार होते म्हणून नव्हे. चित्र तर मोठ्या केंद्राचे दिसतच होते, चांगले ठळक, रंगीतसुद्धा. ते मागत होते ती त्यांची दीडदमडीची काळीपांढरी पेटी, जिच्यात त्यांचा डॉक्टर, त्यांचा रंगलो आणि त्यांचा मजूर त्यांच्याच बोलीत बोलत होता. हलवण्याचा बेत त्यांनी त्या वेळी रोखून धरला. पण पुढे काही वर्षांतच पीजहून होणारे हे प्रक्षेपण बंद झाले, आणि डेअरीवर दूध घालून झाले की लोक आपापल्या घरच्या संचापुढे जाऊन बसू लागले.