रात्रभर भात घोटणारी माणसं

घरी वाइन करून बघणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न पडतो. बरणीत बुडबुडे येतायत, मग आता ढवळायचं की हात न लावता ठेवायचं? जपानमध्ये या प्रश्नाचं उत्तर थेट सरकारी प्रयोगशाळेत शोधलं गेलं.

साके ही तांदळाची दारू. तिच्यासाठी आधी विरजण करावं लागतं. जुन्या 'किमोतो' पद्धतीत वाफवलेला भात, पाणी आणि कोजी (म्हणजे बुरशी चढवलेला तांदूळ) पसरट लाकडी टबांत घ्यायचे आणि लांब दांड्यांनी घोटायचे. हे काम भर हिवाळ्यात, रात्री-अपरात्री, काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा चाले. करणारे बहुतेक शेतकरीच, शेतं थंडावली की कामाला आलेले. घोटताना ते गाणी म्हणत. गाण्याने झोप उडायची हे खरंच, पण गाणं हेच घड्याळही होतं. ठरलेली कडवी संपली की एक फेरी संपली. भाताचा लगदा झाल्याशिवाय विरजण लागणारच नाही, असा सगळ्यांचा पक्का समज होता.

खेड्यातल्या घरांत मात्र 'दोबुरोकू' व्हायची. गढूळ, न गाळलेली, घरच्यापुरती. १८९९ पासून सरकारने ती बंद केली. कारण नीतिमत्तेचं नव्हतं. दारूवरचा कर हा तिजोरीचा मोठा आधार होता आणि घरच्या दारूवर कर मिळत नाही. आता सगळी भिस्त कारखान्यांवर, म्हणजे तिथलं एक पीप नासलं तरी सरकारचंच नुकसान. म्हणून १९०४ मध्ये टोकियोत मद्यनिर्मितीची संशोधन संस्था निघाली. ती शेतीखात्याची नव्हती, आरोग्यखात्याचीही नव्हती. होती अर्थखात्याची!

तिथल्या संशोधकांनी घोटलेलं आणि न घोटलेलं विरजण ताडून पाहिलं. फरक नगण्य निघाला. कोजीतले एन्झाइम आधी पाण्यात उतरू दिले, की भात आपोआप विरघळतो. १९०९ मध्ये आलेल्या या पद्धतीचं नाव 'यामाहाई', आणि त्याचा अर्थच मुळी 'घोटणं बंद'. पुढच्याच वर्षी विरजणात लॅक्टिक आम्ल थेट घालण्याची युक्ती आली आणि महिनाभराचं काम सुमारे दोन आठवड्यांवर आलं. गाण्यांचं कामच उरलं नाही.

मग ढवळणं फुकटच होतं का? तसंही नाही. मुख्य पिपात आजही वल्ह्यासारख्या दांड्याने ढवळतात, कारण वर तरंगणारा भात आणि खालचं पाणी यांचं तापमान सारखं राहायला हवं. शिवाय हवेचा मुद्दा आहे. पाश्चरने १८६१ मध्ये दाखवलं होतं, की हवा मिळाली तर यीस्ट जोमाने वाढतं, पण साखरेच्या मानाने दारू कमी करतं. म्हणजे सुरुवातीला ढवळलेलं चालतं. जोर ओसरल्यावर ढवळत बसलात, तर हवेबरोबर व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचंही फावतं.

काही कारखान्यांनी किमोतो पुन्हा सुरू केलंय. चव वेगळी लागते म्हणतात, आणि बाटली महाग विकता येते हेही आहेच. घरच्या दोबुरोकूवर मात्र बंदी कायम आहे. तोशिहिको माएदा या लेखक-कार्यकर्त्याने ती उघडपणे केली, लोकांना चाखायला बोलावलं, खटला ओढवून घेतला. स्वतःपुरती दारू करणं हा माणसाचा हक्क आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि दंड कायम ठेवला.